आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?

"आपल्याकडे काय लपवायचं आहे? दे ना मोबाइल साहेबांना!"

हे वाक्य माझेच आहे. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी भर चौकात ते मी माझ्या भाच्याला ऐकवले. आज ते मला मागे घ्यायचे आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही दोघे पताका आणि सुतळी घेऊन विहाराकडे निघालो होतो. नाक्यावर पोलीस शिपायाने गाडी थांबवली. कागदपत्रे पाहिली, ती बरोबर होती. मग त्याने मोबाइल मागितला आणि म्हणाला, "उघड." भाचा कचरला. मी त्याला वरचे वाक्य ऐकवले. शिपायाने फोटो पाहिले, मिरवणुकीच्या गटातले निरोप वाचले, आणखीही बरेच काही चाळले आणि मोबाइल परत दिला. सगळे पाच मिनिटांत आटोपले.

घरी येईपर्यंत पोरगा एक शब्द बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "आत्या, त्यात आईच्या ऑपरेशनचे कागद होते. मित्राची नोकरी गेली, ते त्यानं फक्त मला कळवलं होतं. त्याच्या घरी अजून माहीत नाही. ते सगळं माझं एकट्याचं नव्हतं गं."

माझा घास घशातच अडकला.

मी तसे का बोलले, तेही सांगते. दोन महिन्यांपूर्वी आमच्या बचत गटाच्या खजिनदार बाईंना फोन आला होता. बँकेतून बोलतो म्हणून सांगून त्या भामट्याने त्यांच्याकडून ओटीपी काढून घेतला आणि गटाचे अठरा हजार रुपये गेले. धुणीभांडी करणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायकांचे ते पैसे. आम्ही लगेच १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली. पोलिसांनी बँकेकडून माहिती काढली, रक्कम कुठे वळवली ते शोधले आणि अकरा हजार परत मिळाले. तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले होते की, चोर मोबाइलमध्ये शिरतो, तर पोलिसालाही तिथे शिरू दिलेच पाहिजे.

बंधू-भगिनींनो, त्यात खोटे काही नाही. पण ते अर्धेच खरे आहे. तक्रारीवरून चोराचा माग काढणे वेगळे आणि नाक्यावर पोराचा मोबाइल चाळणे वेगळे. हा फरक मला कळला नव्हता. म्हणून कायदा वाचायला घेतला. मी कारकून, नियम आणि परिपत्रके वाचण्यातच माझा दिवस जातो.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि कलम ६९ रुंदावले. संगणक किंवा मोबाइलमधील मजकूर मिळवण्याचा, तो उलगडून मागण्याचा अधिकार या कलमाने सरकारला दिला. कारणे देशाच्या सुरक्षिततेपासून कोणत्याही गुन्ह्याच्या तपासापर्यंत. मजकूर उलगडायला मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१८ च्या डिसेंबरात केंद्रीय गृह मंत्रालयाने यासाठी दहा यंत्रणांची नावे जाहीर केली. मात्र आदेश लेखी हवा, त्यात कारण हवे, आणि तो साधारणपणे गृहसचिवांचा हवा. नाक्यावरच्या शिपायाला सहज म्हणून मोबाइल चाळण्याचा परवाना हे कलम देत नाही.

पण माझे मन अडले ते पुढच्या नियमावर. हे आदेश तपासायला समिती आहे. केंद्रात तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव. सभासदही सचिवच. न्यायाधीश एकही नाही. आमच्या कचेरीत व्हाउचर करणारा आणि ते तपासणारा एकच माणूस नसतो. दोनशे रुपयांच्या स्टेशनरीला जो नियम आहे, तो माणसाच्या खाजगी आयुष्याला नको काय?

काही जण म्हणतील, खाजगीपणा हे बंगलेवाल्यांचे चोचले आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहणाऱ्यांना ते कशाला? त्यांनी परमपूज्य बाबासाहेब वाचावेत. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी त्यांनी निवेदन तयार केले. त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना विनाकारण झडतीपासून संरक्षण असावे, अशी मागणी होती. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी याच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. असे संरक्षण फौजदारी कायद्यात आहे, पण उद्याचे कायदेमंडळ ते काढून टाकू शकेल, म्हणून ते संविधानातच असावे, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहाने ती दुरुस्ती फेटाळली.

त्याची किंमत सामान्य माणसाने मोजली. उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाचा माणूस दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटला होता. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या फेऱ्या रद्द केल्या, पण संविधानात खाजगीपणाचा हक्क नाही असेही म्हटले. ते शब्द पुसायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य उद्देश हवा आणि गरजेपुरताच हात घालावा, अशी कसोटी न्यायालयाने लावली.

दार ठोठावल्याचा निदान आवाज तरी येतो. मोबाइलमधले वाचले तर कळतही नाही. म्हणून पहारा अधिक कडक हवा. चोर पकडायला सरकारला किल्ली जरूर द्यावी, पण ती कोणी, कधी, कशासाठी वापरली याची नोंद सरकारबाहेरच्या, न्यायाधीशाच्या हाती असावी. आपल्या संघटनांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

"साहेब, तक्रार काय आहे? लेखी आदेश आहे का?" असे नम्रपणे विचारता येते. पण नाक्यावर वीस वर्षांच्या पोराला, तेही आपल्या वस्तीतल्या पोराला, ते एकट्याने विचारणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सोबतच्या मोठ्या माणसाने विचारायचे असते. त्या संध्याकाळी तो एकटा नव्हता. सोबत मी होते, आणि मीच त्याला मोबाइल द्यायला सांगितला.

मी भाच्याची माफी मागितली आहे. पुढच्या जयंतीला पताका आणायला आम्ही दोघे पुन्हा त्याच नाक्यावरून जाणार आहोत.

जयभीम!