टेबलाच्या पायाखालचा कागद

हॉटेलात शिरावं, मनासारखी कोपऱ्यातली जागा मिळावी, गरम चहा समोर यावा आणि कोपर टेकताच टेबल डुगडुगावं, हा अनुभव कुणाला नाही? चहा बशीत सांडतो, बशीतला शर्टावर येतो. मग वेटर धावत येतो, कागदाची चौघडी करून पायाखाली सारतो आणि टेबल हलवून पाहत म्हणतो, ‘‘आता बघा साहेब!’’ दहा मिनिटांनी ते पुन्हा डुगडुगतं, ती गोष्ट वेगळी.

पुण्यातल्या एका जुन्या पेठेतल्या हॉटेलात हे काम मालक स्वतः करायचे. गल्ल्याच्या खणात सरलेल्या कॅलेंडरच्या पानांचे चौकोनी तुकडे कापून ठेवलेले असत. कॅलेंडरचा कागद जाड, लवकर दबत नाही, हे त्यांचं चाळीस वर्षांचं संशोधन. हॉटेल छोटंच. अडीच फूट चौरस संगमरवरी पाटांची सहा टेबलं, चोवीस खुर्च्या. सकाळी पोहे-मिसळ, दुपारी थाळी, संध्याकाळी बटाटेवडा आणि दिवसभर चहा.

मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून, गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात चार वर्षं काढून घरी परतला, तेव्हा समोरच्या रांगेत दोन नवे कॅफे उघडले होते. कॉलेजची पोरं तिकडे वळू लागली होती. मुलानं आठवडाभर सगळं पाहिलं आणि एका रात्री जेवताना विषय काढला, ‘‘बाबा, टेबलं बदलायला हवीत.’’

वडिलांचा घास थांबला. ‘‘टेबलं बदलून मिसळीची चव बदलते का रे?’’

‘‘चव तीच राहील. पण ती चाखायला माणूस आत तर यायला हवा!’’

वडील काही बोलले नाहीत. आईनं दोघांच्या पानात भात वाढला. त्या रात्री विषय तेवढ्यावरच राहिला. पण तो संपलेला नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

चार दिवसांत मुलानं फोनवर शंभरेक चित्रं जमवली. जोधपूरकडची आंब्याच्या लाकडाची, लोखंडी चाकांची टेबलं. काचेची टेबलं. बारमध्ये असतात तशी उंच टेबलं आणि त्यांच्याभोवती उंच स्टुलं. पॅरिसच्या बिस्त्रोत दिसतात तशी इवलीशी गोल टेबलं. चित्रं खरोखर देखणी होती. आईनं सगळी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘यातलं पुसायला सोपं कुठलं? दिवसातून दोनशे वेळा पुसायचंय म्हणून विचारते.’’

प्रश्न साधा होता. पण हॉटेल असो, बार असो की बिस्त्रो, टेबल निवडणाऱ्यानं पहिल्यांदा विचारायला हवा तो हाच. घरातलं टेबल दिवसातून चारदा पुसलं जातं. हॉटेलातल्या टेबलावर दर अर्ध्या तासाला ओलं फडकं फिरतं. तर्री, लिंबू, चिंचेची चटणी, गरम चहा यांचा मारा सतत चालू असतो. घरात दहा वर्षं टिकणारं टेबल इथे दोन वर्षांत म्हातारं होतं.

मग मुलगा दुकानं पालथी घालू लागला आणि त्याचं खरं शिक्षण सुरू झालं. काच दिसायला झकास. पण तिच्यावर बोटाचा प्रत्येक ठसा उमटतो आणि स्टीलचं ताट ठेवलं की खणखणते. घ्यायचीच तर ती कडक केलेली, म्हणजे टफन्ड हवी. साधी काच फुटली तर तिच्या सुऱ्या होतात, टफन्ड काचेचे बारीक बोथट तुकडे होतात. पार्टिकल बोर्ड स्वस्त आणि हलका. पण कडेची पट्टी एकदा सुटली आणि पाणी आत शिरलं की तो पावासारखा फुगतो. शिसव, सागवान उत्तमच; पण पॉलिशची निगा राखावी लागते आणि बर्फाच्या थंड ग्लासाखाली गोल पांढरे डाग पडतात. बारमध्ये तर हे रोजचंच दुखणं.

राहिला सनमायका. खरं तर हे एका कंपनीच्या मालाचं नाव; पण आपल्याकडे त्या जातीचा प्रत्येक पत्रा सनमायकाच! राळेत भिजवलेले कागदाचे थर प्रचंड दाबाखाली, उष्णता देऊन एकजीव केले की हा पत्रा तयार होतो. अमेरिकेत 1912 मध्ये अशा पत्र्याचा शोध लागला तो विजेच्या यंत्रांसाठी. टेबलावर तो नंतर चढला. चांगल्या प्लायवर, कडा नीट बंद करून बसवला तर हॉटेलच्या माराला तो उत्तम तोंड देतो.

आणि वडिलांचा लाडका संगमरवर? तो थंड, भारदस्त, पुसायला सोपा. पण आंबटाचा शत्रू. संगमरवर मुळात चुनखडीच्या कुळातला. लिंबू, चिंच, कोकम त्यावर सांडून राहिलं की आम्ल दगडाला खातं आणि तेवढा भाग निस्तेज होतो. हळद तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते. ग्रॅनाइटला आंबटाची एवढी भीती नाही. पण संगमरवराचा एक मोठा गुण असा, की तो पुन्हा घासून, पॉलिश करून नव्यासारखा करता येतो. काचेला, सनमायकाला असा पुनर्जन्म नाही.

याच शोधात मुलाला एक गंमत उमगली. ज्याला आपण स्टायलिश म्हणतो, ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी गरजेतून जन्मलेलं असतं. पॅरिसच्या बिस्त्रोतलं गोल टेबल फुटपाथच्या चिंचोळ्या पट्टीला सोयीचं. त्याला कोपरे नसल्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मांडीला लागत नाही आणि बिडाच्या जड पायामुळे वाऱ्यानं, धक्क्यानं हलत नाही. मायकेल थोनेट यांनी 1859 मध्ये काढलेली 14 नंबरची खुर्ची पाहा. लाकूड वाफेवर वाकवून बनवलेली, लाकडाचे सहाच भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे केलेले छत्तीस खुर्च्यांचे भाग एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणून ती जगभर गेली. मुंबईच्या इराणी हॉटेलांची ओळख ठरल्या त्या अशाच वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि संगमरवरी टेबलं. 1904 चं कयानी, 1923 चं ब्रिटानिया यांच्याकडे आज लोक कौतुकानं फोटो काढायला जातात. पण ती टेबलं फोटोसाठी घेतलेली नव्हती. ती भराभर पुसता यावीत आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकावीत म्हणून घेतलेली होती.

केरळात तिरुवनंतपुरमला लॉरी बेकर यांनी बांधलेलं इंडियन कॉफी हाऊस आहे. विटांची गोल, चक्रीसारखी वर चढत जाणारी इमारत. तिथली टेबलं आणि बाकं इमारतीबरोबरच बांधून काढलेली. डुगडुगण्याचा प्रश्नच नाही! पण एकदा बांधलेलं टेबल सरकवता येत नाही. आठ जणांचं कुटुंब आलं तर दोन टेबलं जोडता येत नाहीत. म्हणजे तिथे शोभलेलं टेबल इथे चालेलच असं नाही.

मुलाला सर्वांत आवडलं होतं ते दोन फूट व्यासाचं बिस्त्रोचं गोल टेबल. ‘‘जागा कमी लागते. सहाच्या जागी दहा टेबलं बसतील,’’ तो म्हणाला. आई स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलची दोन ताटं घेऊन आली. एकेक ताट बारा इंचांचं. तिनं जमिनीवर खडूनं चोवीस इंचांचं वर्तुळ काढलं आणि दोन्ही ताटं समोरासमोर ठेवली. ताटाला ताट भिडलं.

‘‘आता पाण्याचे पेले कुठे ठेवू? आणि ताकाची वाटी?’’

मुलगा हसला, पण त्याला उत्तर सुचलं नाही. कॉफीचे दोन कप आणि केकची एक बशी यांच्यासाठी ते टेबल बरोबर होतं. थाळीसाठी नव्हतं. मापाचे आडाखे असेच ताटावरून ठरतात. जेवणाऱ्या प्रत्येकाला रुंदीत निदान दोन फूट जागा हवी. टेबलाची उंची तीस इंचांच्या आसपास, खुर्चीची बैठक अठरा इंच. दोहोंत दहा-बारा इंचांचं अंतर राहिलं तर मांड्या अडकत नाहीत. बारचं टेबल बेचाळीस इंच उंच असेल तर स्टूल तीस इंचांचं हवं. खुर्ची मागे ओढायला दीड फूट आणि हातात ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसाला मोकळी वाट हवी. हा सगळा हिशेब मांडला की दहा टेबलांची पुन्हा सहा होतात!

शेवटी वडिलांनी तोडगा काढला. ‘‘एक उंच टेबल आणि दोन स्टुलं नमुना म्हणून आण. पंधरा दिवस खिडकीशी ठेवू. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकू.’’

टेबल आलं. कॉलेजच्या मुलांनी पहिल्याच दिवशी ते काबीज केलं. मुलगा खूश झाला. पण त्या खिडकीशी आजवर रोज सकाळी एक निवृत्त शिक्षक बसत. पत्नी गेल्यापासून नऊ वर्षं एक चहा, पेपर आणि तास-दीड तासाची बैठक असा त्यांचा नेम. दुसऱ्या दिवशी ते आले, उंच स्टुलाकडे पाहिलं, हातातली काठी एकदा या हातातून त्या हातात घेतली. आत चारही खुर्च्या रिकाम्या असलेलं टेबल होतं. पण एकट्यानं चार जणांची जागा अडवायची, हे त्यांना पटलं नसावं. ‘‘आज घाई आहे,’’ म्हणाले आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशीही त्यांना घाई होती. चौथ्या दिवशी ते आलेच नाहीत.

मुलगा अस्वस्थ झाला. त्याला शिकवलं होतं, की टेबल लहान आणि बैठक कडक ठेवली तर गिऱ्हाईक लवकर उठतं आणि धंदा वाढतो. हिशेबानं ते खरंही आहे. पण टेबल न बोलता माणसाला ‘बसा’ म्हणतं किंवा ‘उठा’ म्हणतं, हे त्यानं प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. उंच टेबल गुडघे दुखणाऱ्याला, लहान मुलाला, चाकांच्या खुर्चीवरून आलेल्याला पाटी न लावताही बाहेर ठेवतं. बारमध्ये ती बैठक शोभते, उभ्या-उभ्या गप्पा मारणाऱ्यांना ती हवीही असते. पण सगळीच टेबलं तशी असतील तर अर्धं घर दाराबाहेरच राहील.

त्या दुपारी तो शिक्षकांच्या घरी गेला. म्हणाला, ‘‘सर, टेबलाचं माप चुकलं माझं. उद्या या.’’ सर म्हणाले, ‘‘अरे, धंदा आहे. तू तुझ्या सोयीनं कर.’’ पण दुसऱ्या दिवशी ते आले.

त्यानंतर बापलेक पहिल्यांदा एका बाजूनं बोलू लागले. संगमरवराचे सहाही पाट ठेवायचे ठरले. पॉलिशवाल्यानं ते घासून दिले, डाग मुरू नयेत म्हणून वर सीलर लावला. लिंबाची फोड टेबलावर न ठेवता वाटीतून द्यायची, असा नियम झाला. किडलेले लाकडी पाय काढून मधोमध एकच बिडाचा खांब आणि खाली रुंद पाया बसवला. असा पाया पाटाच्या निदान दोन तृतीयांश रुंद हवा, नाहीतर कडेवर कोपर टेकलं की टेबल कलंडतं. मधला खांब असला की चौघांच्या आठ गुडघ्यांना कुठेच अडथळा होत नाही. पायाखाली उंची कमी-जास्त करायचे स्क्रू बसवले. टेबल डुगडुगतं ते बहुधा त्याच्या दोषानं नव्हे, तर आपल्या जुन्या फरश्यांच्या उंच-सखलपणानं. हे स्क्रू तो फरक भरून काढतात.

उंच टेबल भिंतीकडे गेलं, खिडकी पुन्हा सरांची झाली. या सगळ्यात वाट मोकळी ठेवायची म्हणून चार खुर्च्या काढाव्या लागल्या. चोवीसच्या वीस झाल्या, उंच टेबलाची दोन स्टुलं धरून बावीस. दोन माणसांची जागा कमी, म्हणजे रोजच्या गल्ल्यात तेवढी तूट. वडिलांनी वहीत आकडा मांडला, थोडा वेळ पाहिला आणि वही मिटली. समोरच्या कॅफेत गर्दी अजूनही जास्तच असते.

पहिल्या रात्री हॉटेल बंद झाल्यावर वडील प्रत्येक टेबलावर तळहात दाबून फिरले. चौथं टेबल किंचित हललं. त्यांचा हात सवयीनं गल्ल्याच्या खणाकडे गेला. पण तेवढ्यात मुलगा गुडघे टेकून खाली बसला होता.

‘‘बाबा, जरा दाबून धरा,’’ तो म्हणाला आणि स्क्रू फिरवू लागला.