विचारायचं कुणी?

इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या एका छोट्या गावात, एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या दवाखान्यात, मी काही वर्षं टपाल आणि नोंदींचं काम केलं. हॉस्पिटलची पत्रं, रक्ताचे रिपोर्ट, आजारपणाच्या रजेचे दाखले, आणि या सगळ्यात अधूनमधून पोलिसांचं पत्र. अमुक गृहस्थांनी बंदुकीचा परवाना नव्याने करण्यासाठी अर्ज केला आहे, त्यांना नैराश्य, फिट्स, दारूचं व्यसन, विस्मरण असं काही असल्यास कळवावं. डॉक्टरबाई जुन्या नोंदी चाळून उत्तर लिहीत. परवाना मिळाला की त्या माणसाच्या नोंदीवर एक खूण करायची, ते काम माझं. याच्या घरात बंदूक आहे, एवढाच त्या खुणेचा अर्थ. पुढेमागे तो झोप लागत नाही, जगण्यात राम वाटत नाही असं सांगत आला, तर औषध लिहिण्याआधी डॉक्टरला ती खूण दिसावी.

पहिल्यांदा मला हा चोंबडेपणाच वाटला. माणसाच्या दुखण्याची माहिती पोलिसांना का द्यायची? पण २०२१च्या ऑगस्टमध्ये प्लिमथच्या कीहॅम भागात एका तरुणाने आपल्या आईसकट पाच जणांना गोळ्या घालून मारलं. शॉटगन परवान्याची होती. मारहाणीच्या प्रकरणानंतर पोलिसांनी ती काढून घेतली होती, आणि घटनेच्या काही आठवडे आधी परत दिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून डॉक्टरांकडून माहिती आल्याशिवाय परवाना द्यायचा नाही असा नियम आला. माझ्या टेबलावरची पत्रं वाढली आणि कुरकुर थांबली.

इंग्लंडमध्ये बंदुका नाहीत असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. मलाही तिथे जाईपर्यंत तसंच वाटायचं. प्रत्यक्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये शॉटगनचे परवाने पाच लाखांच्या आसपास आहेत आणि त्यातले बरेचसे आमच्यासारख्या शेतीच्या भागात. १ ऑक्टोबरला फेझंट पक्ष्यांचा हंगाम उघडला की शनिवारी सकाळपासून शेतापलीकडून बार ऐकू यायचे. संध्याकाळी शेजारचे शेतकरी आजोबा फेझंटची जोडी आमच्या दाराच्या कडीला अडकवून जायचे. मी मालवणी मसाल्यात, भरपूर खोबरं वाटून त्याचं सुकं करत असे. जपून खावं लागे, कारण दाताखाली हमखास छर्रा यायचा.

या आजोबांच्या परवान्याची पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा जामीनदार म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव दिलं. हा माणूस भला आहे, मी त्याला दोन वर्षांहून जास्त ओळखतो, याच्याकडे बंदूक असायला माझी हरकत नाही, असं लिहून द्यायचं. नवरा कुडाळचा. रात्री जेवताना त्याला हसू आवरेना. १८७८ साली लॉर्ड लिटनने कायदा करून हिंदी माणसाला विनापरवाना शस्त्र बंद केलं आणि गोऱ्याला मोकळीक ठेवली. आता गोऱ्याच्या बंदुकीसाठी आपल्या चारित्र्याची साक्ष चालते! सही मात्र त्याने फार विचार करून केली. पोलिसांचा फोनही आला. घरी भांडणं होतात का, पितात किती, अलीकडे स्वभावात काही बदल दिसला का, असे प्रश्न. मग त्यांच्या खात्याचा माणूस घरी येऊन भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेलं लोखंडी कपाट हलवून पाहून गेला. कपाटाची किल्ली कुठे असते ते आजींना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं हाच नियम होता. ज्याचा परवाना त्याचीच किल्ली. पन्नास वर्षांच्या संसारात एवढी एकच गोष्ट नवऱ्याने आपल्यापासून लपवली, असं त्या सांगायच्या.

हे सगळं काही आपसूक आलेलं नाही. १९८७ साली हंगरफर्डमध्ये एकाने सोळा माणसं मारली, तेव्हा बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली. १३ मार्च १९९६ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. टेनिसपटू अँडी मरे तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याच शाळेत होता. मारणाऱ्याकडची पिस्तुलं परवान्याची होती. गावातल्या लोकांनी सह्यांची मोहीम उघडली, तिला त्या मोसमात उमलणाऱ्या स्नोड्रॉप फुलाचं नाव दिलं, आणि सात लाखांवर सह्या जमल्या. आधी हुजूर पक्षाच्या सरकारने मोठ्या पिस्तुलांवर बंदी घातली, मग १९९७मध्ये निवडून आलेल्या मजूर पक्षाने उरलेल्या पॉइंट बावीसवरही. एक लाख साठ हजारांहून अधिक पिस्तुलं लोकांनी आणून जमा केली. नेमबाजीच्या खेळाडूंनाही सूट मिळाली नाही. सरावासाठी त्यांना परदेश गाठावा लागला. उत्तर आयर्लंड तेवढं या बंदीतून वगळलं, कारण तिथलं राजकारण वेगळं. बाकी ब्रिटनमध्ये ‘मला स्वसंरक्षणासाठी बंदूक हवी’ असं अर्जात लिहिलं तर तो अर्ज तिथेच संपतो. रायफल हवी असेल तर ती कशाला हवी आणि कुठल्या जमिनीवर चालवणार, हे दाखवावं लागतं. शॉटगनला नियम थोडे सैल आहेत.

२०२२च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या कंपनीने त्याची बदली अमेरिकेत, टेक्ससमधल्या डॅलसजवळ केली. आम्ही पोचलो तेव्हा टेक्ससमधल्याच युवाल्डीच्या शाळेतलं हत्याकांड ताजं होतं. २४ मेला एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या होत्या. मारणारा अठरा वर्षांचा. अठरावा वाढदिवस झाल्यावर त्याने दुकानातून रीतसर पैसे मोजून रायफली घेतल्या होत्या. माझा मुलगा दुसरीत जायचा होता. डनब्लेन ज्या देशात झालं तिथून निघून मी थेट इथे आले होते, त्यामुळे आता काय होणार याचा माझा अंदाज ठरलेला होता. जूनमध्ये वॉशिंग्टनला कायदा झाला, एकवीसच्या आतल्या गिऱ्हाइकाची चौकशी थोडी वाढली. टेक्ससमध्ये रायफल घेण्याचं वय अठराचं एकवीस झालं नाही.

शेजारी एक निवृत्त जोडपं होतं. पहिल्याच आठवड्यात पीच कॉबलर घेऊन आलं. इतकी मायाळू माणसं मला इंग्लंडमध्ये सहा महिन्यांनीही भेटली नव्हती, हे कबूल करायला हवं. त्यांनी हौसेने आपली बंदुकांची खोली दाखवली. त्यांच्या आजोबांची विंचेस्टर, डुकरांसाठी एक, १ सप्टेंबरला डव्ह पक्ष्यांचा हंगाम उघडतो त्यासाठी एक, आणि बाईंच्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी एक छोटं पिस्तूल. टेक्ससमध्ये २०२१च्या सप्टेंबरपासून एकविसाच्या पुढच्या माणसाला, कायद्याने मनाई नसेल तर, परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. कुणाला आपल्या दुकानात ते नको असेल तर त्याने दारावर फलक लावायचा. ठरलेला मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीची अक्षरं. ३०.०६ म्हणजे लपवून नको, ३०.०७ म्हणजे उघडं नको. मुलाच्या दातांच्या डॉक्टरकडे दोन्ही फलक होते. मी ते वाचत उभी राहिले आणि श्रॉपशायरच्या टेबलावरची पत्रं डोळ्यांपुढे आली. तिथे ज्याला बंदूक हवी तो अर्ज करतो. इथे ज्याला ती नको तो फलक रंगवतो.

मी त्या शेजाऱ्यांशी युवाल्डीबद्दल बोलले. वाद घालायचाच म्हणून बोलले. ते शांतपणे म्हणाले, “पोलीस शाळेत होते. जवळजवळ चारशे. ७७ मिनिटं थांबले. आणि तू मला सांगतेस की मी माझी बंदूक देऊन टाकावी आणि पोलिसांवर विसंबावं?” त्यांनी टेक्ससमधल्याच व्हाइट सेटलमेंट गावातल्या चर्चचा दाखला दिला. २०१९च्या डिसेंबरमध्ये तिथे गोळीबार सुरू झाला आणि चर्चमधल्याच एका सशस्त्र स्वयंसेवकाने काही सेकंदांत तो संपवला. ही उदाहरणं खरी आहेत, आणि जिथे शेरीफची गाडी यायला अर्धा तास लागतो तिथे राहणाऱ्या माणसाला मी इंग्लंडचं कपाट सांगून उपयोग नाही, हेही खरं. पण आकडे त्यांच्या बाजूने नाहीत. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. घरफोड्यासाठी उशाशी ठेवलेली बंदूक बहुतेकदा घरातल्याच माणसाच्या कामी येते. माझ्या दवाखान्यातली ती खूण नेमकी त्यासाठीच होती.

फ्लोरिडात तर २०११मध्ये डॉक्टरांनी पेशंटला घरातल्या बंदुकीबद्दल विचारू नये असा कायदाच झाला होता. २०१७मध्ये फेडरल अपील न्यायालयाने त्यातली विचारण्यावरची बंदी रद्द केली. टेक्ससमध्ये आमच्या बालरोगतज्ज्ञाच्या फॉर्ममध्ये मात्र तो प्रश्न होता: धुराचा अलार्म आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, शस्त्र आहे का, असल्यास कुलपात का. सरकारी यादी मात्र नाही. कुणाकडे किती बंदुका आहेत याची देशभराची नोंदणी करायला १९८६च्या फेडरल कायद्याने मनाई आहे. माणसांपेक्षा बंदुका जास्त, एवढा अंदाज सगळे सांगतात.

परदेशी माणसांचं काय, असा प्रश्न आपल्या लोकांना पडतो. व्हिसावर असलेल्याला सहसा बंदूक बाळगता येत नाही, पण कायद्यात एक चोरवाट आहे. शिकारीचा चालू परवाना असेल तर येते. टेक्ससमध्ये रहिवाशाला तो २५ डॉलरला मिळतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने तसा काढला, दुकानात फॉर्म भरला, एफबीआयची तपासणी दुकानदाराने उभ्या उभ्या करून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत काम उरकून तो परत आला. आयुष्यात त्याने तित्तरही मारलेला नाही. आमच्या कोकणात मामांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. माकडं आणि डुकरं बागायत उठवायची म्हणून. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर आणायची, यावर मामा दरवेळी शिव्या घालत आणि दरवेळी नेऊन देत. त्या बंदुकीलाही कुणीतरी ‘कशाला?’ विचारलेलं होतं.

मुलाच्या शाळेत लॉकडाऊनचा सराव असायचा. दिवे बंद, दार बंद, कोपऱ्यात आवाज न करता बसायचं. छान गप्प बसल्याबद्दल त्याला लॉलीपॉप मिळाला, तो त्याने घरी येऊन कौतुकाने दाखवला. मी त्याबद्दल इथे आणखी काही लिहिणार नाही.

मग मित्रांच्या घरी रात्री राहायला जायचं वय आलं. तेव्हा मला कळलं की श्रॉपशायरमध्ये पोलीस, डॉक्टर आणि जामीनदार मिळून जे प्रश्न विचारत होते, ते इथे आईला एकटीला विचारायचे आहेत. पहिल्यांदा मी एका टेक्सन आईला फोन केला. आधी जेवणातल्या अॅलर्जी सांगितल्या, मग कुत्र्याची चौकशी केली, मग कसंबसं विचारलं. ती म्हणाली, “बरं झालं विचारलंस. चार आहेत, सगळ्या तिजोरीत, गोळ्या वेगळ्या. ये, दाखवते.” दाखवल्याही.

अडचण झाली ती आपल्याच माणसांकडे. मराठी मंडळात ओळख झालेलं कुटुंब, गणपतीत एकत्र मोदक वळलेले. मी विचारलं तर ती बाई दुखावली. “आमच्याकडे काय विचारतेस? आम्ही काय तसले आहोत का?” दोन मिनिटांनी हळूच म्हणाली, की कोविडच्या वर्षात सगळे घेत होते तेव्हा ह्यांनी एक घेतलं. कपाटात साड्यांमागे आहे. भरलेलं आहे, नाहीतर ऐन वेळी उपयोग काय? मुलांना माहीत नाही.

फराळाचा डबा आई कुठे लपवते हे ज्या मुलांना दिवाळीच्या आधी आठवडाभर ठाऊक असतं, त्यांना साड्यांमागचं पिस्तूल माहीत नाही! मी मुलाला पाठवलं नाही. त्यांच्या मुलाला आमच्याकडे राहायला बोलावलं. आमचं बोलणं काही महिने तुटक झालं, नंतर त्यांनी बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी आणल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. टेक्ससमध्येही निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतराच्या आतल्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. पण तिजोरी पाहायला कुणी येत नाही. गुन्हा ठरतो तोच मुलाच्या हाती बंदूक लागल्यावर.

दोन्ही देशांत राहून माझं मत ठरलं आहे. ब्रिटनची पद्धत कटकटीची आहे, प्लिमथसारखी ती चुकतेही, पण विचारण्याचं ओझं तिने सरकारी माणसावर टाकलं आहे. अमेरिकेत कायदा बदलण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही, निदान टेक्ससमध्ये तरी. म्हणून तिथे राहणाऱ्या आपल्या आईबापांना एवढंच सांगते: मूल कुणाकडे खेळायला किंवा राहायला जाणार असेल, तर अॅलर्जीबरोबरच विचारा, घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का, किल्ली कुणाकडे. मराठी घर असलं तरी विचारा. आणि तुमच्याकडे असेल तर समोरच्याने विचारायच्या आधी तुम्हीच सांगून टाका.