कॅमेऱ्यामागची शिंक

मिझुरीतला मोकळा रस्ता. आभाळ काळवंडलेलं, गडगडाट चाललेला. कॅमेरा रोखून वाट पाहतो आहे. लख्खकन वीज कोसळते आणि कॅमेऱ्यामागे एका बाईचा श्वास दचकतो. मग ती शिंकते आणि सगळं चित्र हादरतं. पुन्हा शिंकते, पुन्हा हादरतं.

हा तुकडा कुठल्याही माहितीपटातून कापला गेला असता. कर्स्टन जॉन्सनने तो 'कॅमेरापर्सन' (२०१६) या आपल्या माहितीपटात अगदी सुरुवातीलाच ठेवला. मला त्या विजेपेक्षा ती शिंक प्रिय आहे. वीज कुणालाही दिसली असती. शिंकेमुळे कळतं की ती वीज पाहायला तिथे कुणीतरी उभं होतं, आपल्या नाकाघशासकट. दुसऱ्या एका तुकड्यात, बोस्नियातल्या फोचामध्ये, तिचा हात लेन्ससमोर येतो आणि आड येणारं गवत उपटतो. आपण ज्याला 'टिपलेलं वास्तव' म्हणतो, त्यातलं गवत आधी कुणीतरी उपटलेलं असतं.

ही बाई मूळची अमेरिकन, सिनेमा शिकली पॅरिसच्या 'ला फेमिस'मध्ये. पुढची पंचवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या माहितीपटांसाठी जगभर कॅमेरा घेऊन फिरली: मायकेल मूरचा 'फॅरेनहाइट ९/११', लायबेरियातल्या बायकांनी युद्ध थांबवण्यासाठी दिलेल्या लढ्यावरचा 'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल', लॉरा पॉइट्रसचा 'द ओथ'. दिग्दर्शन तिला नवं नव्हतं. देहदंडावरच्या 'डेडलाइन'ची (२००४) ती सहदिग्दर्शक होती. पण तिची खरी ओळख झाली ती याच पंचवीस वर्षांत इतरांसाठी चित्रित केलेलं फुटेज तिने 'कॅमेरापर्सन'मध्ये आपलं आत्मचरित्र म्हणून पुन्हा मांडलं तेव्हा. संकलक नेल्स बँगर्टरसोबत तिने ते जोडलं. वरून निवेदन नाही, कुणाचं स्पष्टीकरण नाही.

नायजेरियातल्या कानो शहरातलं प्रसूतिगृह. नुकतंच जन्मलेलं मूल श्वासासाठी झगडतं आहे, सुईण शांतपणे आपलं काम करते आहे आणि हाताशी ऑक्सिजन नाही. कॅमेरा चालूच राहतो. पाहताना मला तिचा राग आला होता. ठेव ना तो कॅमेरा खाली, धाव कुठेतरी! मग फोचातलं दृश्य आलं. एक चिमुरडं पोर कुऱ्हाडीशी खेळतंय, आणि कॅमेऱ्यामागून तिचा घाबरलेला उद्गार फुटतो. तेव्हा उमगलं, की जो प्रश्न मी तिला विचारत होते तो ती आयुष्यभर स्वतःलाच विचारत आली आहे, आणि त्याचं उत्तर सापडल्याचा आव तिने कुठेही आणलेला नाही. त्याच फोचात ती काही वर्षांनी परत जाते. बोस्नियाच्या युद्धात जिथे बायकांवर अनन्वित अत्याचार झाले त्या परिसरात परतून राहिलेल्या एका मुस्लिम कुटुंबाला त्यांचंच जुनं चित्रण दाखवायला. घेतलेलं असं परत नेऊन देणारे कॅमेरे फार थोडे.

आमच्या घरातले जुने फोटो सगळे काकांनी काढलेले. अल्बममध्ये काका जवळजवळ नाहीतच. पण एका फोटोत आजीसकट सगळे पोट धरून हसताहेत, कारण बटण दाबण्याआधी काका काहीतरी बोलले होते. काय, ते आता कुणालाच आठवत नाही. तो फोटो मला काकांचाच वाटतो.

जॉन्सनच्या बाबतीत हे कॅमेऱ्यामागे राहणं जास्त दुखरं आहे. जगभरच्या अनोळखी बायकांचे चेहरे तिने मन लावून टिपले. स्वतःच्या आईचं चित्रण मात्र थोडंसंच, तेही अल्झायमरने आई हरवत चालली होती तेव्हाचं. वायोमिंगच्या वाऱ्यात उभी असलेली ती वृद्ध बाई लेकीकडे पाहते, तेव्हा तिला नेमकं कोण दिसत असेल?

म्हणून मग वडील. सिएटलमध्ये मनोविकारतज्ज्ञ असलेल्या वडिलांचीही स्मृती विरू लागली तेव्हा लेकीने त्यांना न्यूयॉर्कला आपल्या घरी आणलं, आणि दोघांनी मिळून त्यांचे मृत्यू रचले. रस्त्यावरून जाताना डोक्यावर एसी कोसळतो, जिन्यावरून पाय घसरतो. मग वडील उठून बसतात. 'डिक जॉन्सन इज डेड' (२०२०) पाहताना मी हसले आणि हसता हसता गलबलले. घरात विस्मृती शिरलेल्या माणसांना हे ओळखीचं असेल: माणूस समोर असतानाच त्याचा निरोप घेत राहणं. इथे चर्चमध्ये वडिलांची खोटी शोकसभाही होते आणि एक जुना मित्र खरंखुरं रडतो. मला ते दृश्य क्रूर वाटलं, आणि तरी त्यात क्रौर्याहून मोठी माया आहे. आपल्याबद्दल लोक काय बोलतील ते एकदा ऐकून घेण्याची संधी किती जणांना मिळते?

या चित्रपटाचं छायाचित्रण मुख्यतः जॉन वाकायामा केरी यांचं आहे. एवढी वर्षं कॅमेरा सांभाळलेल्या बाईने तो इथे दुसऱ्याकडे सोपवला, कारण तिला वडिलांच्या शेजारी बसायचं होतं.