तलवार आणि ऑलिव्हची फांदी

चि. मधुरा,

पहिल्या चार्ल्स राजाचं ट्रिपल युनाइट तू ऑक्सफर्डला डोळ्यांनी पाहिलंस, हे वाचून आनंद कुठे ठेवू असं झालं. आणि खाली तुझं एवढंच वाक्य: ‘खोटारड्या राजाचं खोटारडं नाणं.’ अगं, इतक्या घाईनं निकाल देतात का? थेट ताईचा स्वभाव!

साठ शिलिंगांचं सोन्याचं नाणं ते, सुमारे २७ ग्रॅम. म्हणजे सव्वादोन तोळ्यांच्या वरच. हातोड्यानं ठोकलेल्या इंग्रजी नाण्यांत याहून मोठ्या किमतीचं दुसरं नाही. पण ते कुठल्या अडचणीत पाडलं ते बघ ना. १६४२ साली लंडन राजाच्या हातून गेलं, टॉवरमधली टांकसाळही गेली. तिथे पार्लमेंट राजाशी लढतही होतं आणि नाणी मात्र त्याच्याच नावानं, त्याच्याच मुखवट्यानं पाडत होतं! राजाकडे उरला टांकसाळवाला थॉमस बुशेल. वेल्समधली ॲबरिस्टविथची टांकसाळ त्यानं आधी श्रूजबरीला हलवली, मग एजहिलच्या लढाईनंतर ऑक्सफर्डला. तुझ्या नाण्यावरची तीन पिसं ही त्या वेल्सचीच खूण. (ऑक्सफर्डच्या कॉलेजांची ताटं वितळवली ती चांदीची, त्यांची चांदीची नाणी झाली. त्यांचा या सोन्याशी संबंध जोडू नकोस.)

आता नाण्यावरचा तुला खटकलेला मजकूर. प्रोटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे, पार्लमेंटचं स्वातंत्र्य. सप्टेंबर १६४२ मध्ये वेलिंग्टनला सैन्यापुढे राजानं हेच जाहीर केलं होतं. पार्लमेंटशी लढणाऱ्यानं असं कोरायचं म्हणजे ढोंग, असं तू म्हणतेस. मी उलट म्हणतो. शत्रूचेच शब्द सोन्यावर कोरावे लागले, कारण त्यांच्यावाचून कुणी आपल्या बाजूला उभं राहणार नाही, हे त्याला कळलं होतं. शिपायाला दिवसाला आठेक पेनी मिळत, तेव्हा हे एक नाणं म्हणजे त्याचा तीन महिन्यांचा पगार. म्हणजे ते हाती धरणारे मोठे लोक. त्यांचं मन राखायचं होतं. एका हातात तलवार, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी, ती काय उगीच? माझं जुनं म्हणणं तुला पाठ आहे: इतिहास मागाहून लिहितात, नाणं त्याच धामधुमीत पडतं. १६४९ ला राजाचं शिर उडालं, पण नाणं ठोकणाऱ्या कारागिराला कुठे ठाऊक होतं! शेवट माहीत असलेल्यानं आधीच्यांना खोटारडं म्हणणं मला सहन होत नाही.

आणि नाणं हा असा त्या काळाचा साक्षीदार असतो, म्हणूनच ताईनं फोनवर जे सांगितलं त्यानं झोप उडाली. आमच्या आईच्या पुतळ्या मोडून लग्नासाठी नवा हार करणार आहेस? अगं, त्यांत निदान एखादी तरी खरी व्हेनिसची डुकाट मोहोर असेल. सेंट मार्कपुढे गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, भिंगातून तूच मला दाखवला होतास ना? सोनाराकडे जाऊ नकोस. चिंच लावून उजळूही नकोस. दोन्ही बाजूंचे फोटो आणि प्रत्येक पुतळीचं वजन आजच पाठव. नव्या हाराचे पैसे मी देतो.

तुझा,
मामा