मर्लो आणि सहाशे एकाहत्तर

पुतण्याला नाशिकच्या एका वायनरीत नोकरी लागून दोन वर्षं झाली. बिद्रीत मात्र आबांनी सगळ्यांना "पोरगं शेतीखात्यात हाय" असंच सांगून ठेवलंय. गळ्यात माळ, पंढरीची वारी... त्यांचंही बरोबरच म्हणा. पण आता त्याला स्थळं येऊ लागलीत. हे किती दिवस चालणार?

दिवाळीला तो एक बाटली घेऊन आला. मर्लो जास्त, काबर्ने सोव्हिन्यों थोडी. आबा भजनाला गेलेत असं धरून आम्ही दोघं माडीवर बसलो, स्टीलचे पेले घेऊन. मऊ होती, पिकलेल्या आलूबुखारासारखी, आणि शेवटी जिभेवर जरा तुरट. तो तुरटपणा काबर्नेचा म्हणे. नाशिकच्या उन्हात मर्लोची साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि नुसती केली तर वाइन सपक लागते. म्हणून दुसऱ्या द्राक्षाचा टेकू.

"म्हंजे भेसळच की!" आबा जिन्यात उभे. भजन लवकर आटोपलं होतं.

मी पेला लपवायला जागा शोधत होतो. पुतण्या मात्र सरळ सांगत सुटला. मर्लोचं माहेर फ्रान्समधलं बोर्दो, दोर्दोन्य नदीचा उजवा काठ. तिथल्या पोमरोलची जमीन चिकणमातीची, गार, ओल धरणारी. काबर्ने अशा जागी वेळेत पिकत नाही, मर्लो आधी पिकते. 1956 च्या फेब्रुवारीत थंडीनं तिथल्या वेली उभ्या मेल्या, तर नव्यानं लावताना लोकांनी मर्लोच जास्त लावली. पण साल पातळ, पावसात सापडली की घड कुजतात. म्हणून शेतकरी दोन-तीन जाती ठेवतो. एकीनं दगा दिला तर दुसरी.

"आपल्या सहाशे एकाहत्तरवानी," आबा खाली टेकत म्हणाले. "लवकर येतोय, साखर बी चांगली, पर रोगाला नाजूक." उसावर गाडी आली की आबा माळकरी नसतात, शेतकरी असतात.

"हितं लावली तर?"

"नाही जमणार आबा, पाऊस लई. नाशकात पाऊस सरला की छाटणी करतात आणि जानेवारी ते मार्च थंडीच्या रात्री बघून तोडणी." मग हळूच म्हणाला, "आणि ही दोघं सावत्र भावंडं. बाप एकच, काबर्ने फ्रां."

"आन् एका बाटलीत नांदत्यात? आमच्यात एका बांधावर नांदंनात!" (काकांनी वाचलं तर हसून घ्यावं.)

आबांनी वास तेवढा घेतला. पेला तसाच परत दिला.

गेल्या रविवारी निपाणीकडचे पाहुणे आले होते. मुलगा काय करतो, हा प्रश्न आलाच. मी आबांकडे बघायचं टाळलं.

"नाशकात द्राक्षाच्या मळ्यात असतोय," आबा म्हणाले. जरा थांबून, "त्येची वाइन करत्यात."

पाहुणे बशीतला चहा फुंकत राहिले. अजून त्यांचा निरोप आलेला नाही.