भद्रावतीचा नाग आणि रक्तातली अक्षरे

चंद्रपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील भद्रावती, म्हणजे जुने भांदक, हे गाव दीर्घ आजाराच्या कारणांचा विचार करणाऱ्या प्रवाशाने मुद्दाम थांबून पाहावे असे आहे, कारण दुःख कोठून येते या प्रश्नाला आपल्या परंपरेने दिलेली तीन निरनिराळी उत्तरे येथे एकाच गावच्या परिसरात उभी आहेत. विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी, स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आणि भद्रनागाचे मंदिर ही ती तीन स्थाने होत. त्यांच्या भोवतीचे आजचे गाव मात्र कोळशाच्या खाणींचे आणि आयुध निर्माणीचे असून, ट्रकांमागून उडणारी काळी धूळ प्रवाशाला अखेरपर्यंत सहन झाली नाही. फुप्फुसांच्या आजाराचे एक कारण येथे डोळ्यांना दिसते आणि त्यासाठी कोणाचाही पूर्वजन्म धुंडाळावा लागत नाही.

जैन तीर्थाच्या भोजनशाळेतील कांदा-लसणाविना केलेले साधे वरण आणि गरम फुलके हे या प्रवासातील सर्वांत चवदार जेवण ठरले. पार्श्वनाथाच्या मस्तकावरील नागफणा पाहताना जैन कर्मविचार आठवणे स्वाभाविक होते. या मतानुसार कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जीवाला चिकटणारे जड द्रव्य असून, त्याच्या आठ मूळ प्रकारांपैकी वेदनीय कर्माचा ‘असाता’ हा भेद शरीराच्या पीडेला कारण होतो. परंतु हीच परंपरा औषधदानाची गणना चार प्रमुख दानांत करते, म्हणजे आजार कर्माने आला असे मानूनही रोग्याला औषध पुरवणे हे ती पुण्यकर्मच समजते.

विजासनच्या लेण्यात सरळ आत जाणारा बोगद्यासारखा मार्ग आहे, त्याच्या शेवटी बसलेला बुद्ध आहे, आणि दोन्ही बाजूंना फुटलेल्या मार्गांच्या टोकांनाही बुद्धमूर्ती आहेत. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर जाणवणारा गारवा मनाला फार आवडला. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धाला विचारलेला प्रश्न असा की, माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच होते, हे मत बरोबर आहे काय. त्यावर बुद्धाने पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतूतील बदल, शरीराची हेळसांड आणि बाहेरून होणारा आघात अशी कारणे मोजून कर्मविपाकाला, म्हणजे कर्माच्या फळाला, आठव्या क्रमांकावर ठेवले आणि सर्व काही पूर्वकर्मावर घालणाऱ्यांचे मत चूक ठरवले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणते व्यंग किंवा कोणता रोग होतो याची यादीच आहे. तिच्याशेजारी हा संवाद ठेवला म्हणजे कर्मविपाकाची चर्चा आपल्याकडे किती जुनी आणि किती उघडपणे झालेली आहे हे कळते.

तथापि या यात्रेचा खरा लाभ भद्रनागाच्या मंदिरात झाला. नागपंचमीला आणि महाशिवरात्रीला येथे मोठी गर्दी होते. त्या दिवशी मात्र आवार जवळजवळ रिकामे होते. सावलीत एक बाई बसली होती आणि तिच्याशेजारी तेरा-चौदा वर्षांचा, वयाच्या मानाने लहान दिसणारा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला होता. ती थोड्या थोड्या वेळाने त्याला उठवून बाटलीतील पाणी पाजत होती आणि तो नको म्हणाला तरी ऐकत नव्हती. प्रवाशाने विचारपूस केली तेव्हा ‘सिकलसेल हाय’ एवढेच उत्तर आले, आणि नंतर, बहुधा ऐकणाऱ्याला घाई नाही हे ध्यानात आल्यामुळे, ती सविस्तर बोलू लागली.

मुलाचे हातपाय लहानपणी सुजले, अंग दुखून तो रात्रभर ओरडू लागला, डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा घरात पहिले कारण सासूने सांगितले. “सासू म्हने, तुयाच मागल्या जन्माचं पाप हाय, म्हून पोरगा असा.” हे तिने कित्येक वर्षे ऐकून घेतले. पुढे गावातल्या पुजाऱ्याला, म्हणजे या भागातील गोंडी गावांत देवकार्य आणि उपचार दोन्ही करणाऱ्या जाणकाराला, दाखवले असता त्याने निराळे निदान केले: सासऱ्याने नांगरताना नाग मारला होता आणि त्याचा कोप नातवावर उतरला होता. “मंग सासू चूप झाली,” असे सांगताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते कर्मविपाकावरील कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. नागदोषाने मुलाचे दुखणे तसूभरही कमी केले नव्हते, पण आईवरचा आरोप काढून तो मेलेल्या सासऱ्यावर ठेवला होता. आजाराचे कारण सांगणारा प्रत्येक जण दोषीही नेमत असतो, आणि दोषी कोण ठरतो यावर त्या घरातील सुनेचे पुढचे आयुष्य ठरते, ही गोष्ट प्रवाशाला येथे प्रथमच इतकी स्पष्ट दिसली.

तिसरे कारण दवाखान्यातून आले. एका पावसाळ्यात मुलाला मोठा झटका आला असता रात्रभर उतारा, म्हणजे बाधा उतरवण्याचा विधी, चालला; सकाळी तालुक्याला नेईपर्यंत मुलगा पांढरा पडला होता आणि त्याला रक्त द्यावे लागले. त्यानंतर सर्वांच्या रक्ताची तपासणी झाली. बाप सुई टोचून घ्यायला तयार नव्हता, त्याला डॉक्टरीण बाईंनी कसेबसे राजी केले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले ते कागद तिने प्रवाशापुढे पसरले. तिला वाचता येत नव्हते, पण कोणत्या कागदावर काय आहे हे ती बोट ठेवून अचूक सांगत होती: नवऱ्याचे एएस, तिचे एएस, मुलाचे एसएस. “दवाखान्यात सांगतलं, निम्मं माह्याकडून, निम्मं त्याच्याकडून. तवापासून घरात कोनी कोनाले बोलत नाही.”

तरीही ती भद्रनागाला आली होती. यात तिला काही विसंगत वाटत नव्हते. “नागोबाले दूध देतो अन् पोराले गोळी देतो, भाऊ, पन आता पयले दवाखाना.” हा क्रम तिने मुलाच्या जिवावर बेतल्यानंतर शिकून घेतला होता. तो क्रम सांभाळला जात असेल तर तिच्या दुधाच्या वाटीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे प्रवाशाचे मत आहे. मात्र उताऱ्यापायी गेलेल्या त्या रात्रीबद्दल त्याला कोणतीही सबब मान्य नाही.

या दोन अक्षरी निदानामागचे शास्त्र थोडक्यात असे. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एका ठिकाणी बदल झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. असे बदललेले जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल केवळ वाहक, म्हणजे एएस, होते आणि सहसा निरोगी राहते. दोघांकडून आले तर ते आजारी, म्हणजे एसएस, होते. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी ही शक्यता चारांत एक असते. शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील हा जनुकदोष १९५८ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात नोंदवला. वाहकाला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काहीसे संरक्षण मिळते, आणि म्हणूनच हिवतापाच्या जंगलमुलखात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. ज्याला पाप म्हटले गेले ते या अरण्यातील पूर्वजांच्या जगण्याचे एक साधन होते. फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, थंडीपासून बचाव आणि ताप येताच दवाखाना एवढ्यावर पुष्कळ मुले मोठी होतात.

भद्रावतीपासून सुमारे २० किलोमीटरवर वरोऱ्याचे आनंदवन, म्हणजे कुष्ठरोग्यांची वसाहत, आहे. आदल्या दिवशी पाहिलेल्या त्या भूमीचा अर्थ या बाईच्या कागदांमुळे अधिक उलगडला. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली दाखवला, तरी रोग्यांना समाजातून वेगळे काढणारा कायदा भारतात त्यानंतर २५ वर्षांनी, १८९८ साली, झाला आणि तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते २०१९ साली. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली आनंदवनात रोग्यांच्या हातांना काम दिले, तेव्हा पाप आणि रोग यांची सांगड त्यांनी शेतीने, विहिरींनी आणि हातमागांनी तोडली.

भद्रनागाच्या आवारातून उठण्यापूर्वी त्या बाईने एक प्रश्न विचारला होता. “पोरीचं लगन जमवतो आहो. तिचंबी एएस हाय. सांगतलं तं पोरगी घरात राहीन, नाही सांगतलं तं तिच्या लेकराचं काय?” नवऱ्या मुलाचे रक्त निर्दोष असेल तर या मुलीच्या पोटी आजारी मूल येणार नाही, तेव्हा फक्त त्याची तपासणी करून घ्यावी, असे प्रवाशाने सांगितले. ती म्हणाली, “पन मुलाकडच्याईले रक्त तपासा म्हून सांगावं कोनं?” या प्रश्नाला प्रवाशाजवळ उत्तर नव्हते, कारण मुलीच्या आईला तो अधिकार आपल्या समाजाने दिलेलाच नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली असून तिने २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे; परंतु विदर्भातील मुलाच्या आईवडिलांना तोवर थांबण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या मुलाचे रक्त आधी स्वतःहून तपासून घ्यावे, तो कागद बरोबर घेऊनच स्थळ पाहायला जावे, आणि मुलगी वाहक आहे एवढ्यावरून तिला नाकारू नये.