कुणाला कुठं बसवायचं

दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो पाठीला गिटार लावूनच. फराळ झाला आणि म्हणाला, "मामा, मला वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचाय. तुम्ही पूर्वी भोंग्याची मशीनं दुरुस्त करायचात ना?"

करायचो खरा. दहावीला गचकलो तेव्हा, १९८१ साली, वडिलांनी मला पाथर्डीला एका लाऊडस्पीकरवाल्या मिस्त्रींकडं ठेवलं. सगळे त्यांना नाना म्हणत. लग्नं, सप्ताह, तमाशे आणि होळीपासून पाडव्यापर्यंत मढीची कानिफनाथांची यात्रा, एवढ्यावर नानांचं वर्ष निघायचं. अ‍ॅम्प्लिफायरला आम्ही मशीन म्हणायचो, वॉल्व्हला वॉल, रेझिस्टरला रेझिस्टन्स. मशीन चालू केलं की वॉल तापायला जरा वेळ लागायचा. मग भोंग्यातून आधी बारीक घूं यायचं आणि त्याच्यामागून बुवांचा आवाज.

भाच्यानं सगळा माल आणला होता. एक ईसीसी ८३, एक ईएल ८४, ट्रान्सफॉर्मर आणि पुडीभर रेझिस्टन्स. पुडी मी ओसरीवर ओतली. सगळे एकाच जातीचे, तपकिरी, जुन्या पद्धतीचे कार्बनचे.

"हेच का सगळे?"

"जुना आवाज यांच्यातच असतो म्हणतात, मामा. महाग पडले."

मी माळ्यावरून नानांचा पत्र्याचा डबा काढला. त्यातला तसलाच एक तपकिरी रेझिस्टन्स त्याच्या हातावर ठेवला. "पट्टे वाच."

"ब्राऊन, ब्लॅक, यलो. एक लाख ओहम."

"आता मीटर लाव."

मीटरनं एक लाख अडतीस हजार दाखवले. पोरगं माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. कोळशाची पूड चिकट द्रव्यात कालवून, दाबून हा रेझिस्टन्स करतात. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता खाऊन त्याची किंमत वर सरकते. शिवाय त्याच्यावर व्होल्टेज आलं की तो स्वतःच बारीक खरखर करतो. पहिल्या वॉलपाशी ती खरखर झाली, तर पुढचं सगळं मशीन तिलाच मोठं करत बसतं. यात्रेच्या गोंगाटात ते कुणाला कळायचं नाही, पण कीर्तनात बुवा गप्प झाले की भोंगा बोलायला लागायचा. नाना वैतागायचे, "पहिल्या वॉलापाशी गुमान बसणारा गडी पाहिजे रं."

म्हणून पहिल्या वॉलच्या प्लेटला मी निळा मेटल फिल्मचा घ्यायला सांगितला. तो खरखर कमी करतो आणि किंमतीला टिकतो. तिथं उष्णता दहाव्या हिश्श्याच्या वॉटाएवढीच असते, पण पाव वॉटाचा बसवायचा नाही, निदान अर्धा वॉटाचा. उष्णता सोसली तरी व्होल्टेज सोसलं पाहिजे, आणि बारक्या अंगाच्या रेझिस्टन्सला ते कमीच झेपतं.

"मग माझे तपकिरी वाया गेले?"

तेही नाही. त्यानं ऐकलेली गोष्ट अगदीच खोटी नव्हती. कार्बनच्या रेझिस्टन्सवर मोठं व्होल्टेज वरखाली झालं की त्याची किंमतही जराशी हलते आणि सुरात किंचित भर पडते. पण त्यासाठी सिग्नल आधी मोठा झालेला पाहिजे. म्हणून ईसीसी ८३ च्या दुसऱ्या अर्ध्याला, प्लेटपाशी, त्याचा एक तपकिरी ठेवला. फरक ऐकू येईल का, ते त्याच्या कानांवर सोडलं. ईएल ८४ च्या कॅथोडला दीडशे ओहम लागत होता. तिथं जवळजवळ अर्धा वॉट सतत जळतो. तिथं तारेचा, पांढऱ्या सिमेंटच्या खोक्यातला, पाच वॉटाचा. तोही पाटीपासून बोटभर उचलून लावायचा, म्हणजे खालची पाटी करपत नाही.

यादी झाली असं त्याला वाटलं. मी म्हणालो, "एक राहिला. मोठ्या कंडेन्सरच्या दोन टोकांवर, दोन लाख वीस हजारांचा."

"तो आवाजाला काय करतो?"

"काहीच नाही."

मग त्याला उजव्या हाताचं बोट दाखवलं. मढीच्या यात्रेचे दिवस होते. दुसऱ्या एका कारागिरानं आधी उघडलेलं एक मशीन आमच्याकडं आलं होतं. मी पॉवरचे वॉल काढले, चालू करून व्होल्टेज बघितलं, चारशेच्या आसपास. बंद केलं, पिनसुद्धा भिंतीतून काढली आणि आत हात घातला. पुढचं मला आठवतं ते ताडपत्रीवर उताणं पडल्यावरचं. वॉल नव्हते, त्यामुळं कंडेन्सरमधला करंट जायला वाट नव्हती. वाट देणारा तो एकच रेझिस्टन्स, त्या गड्यानं अर्ध्या वॉटाचा बारका कार्बनचा घातलेला, तो कधीचाच तुटलेला. बोटाला पांढरा डाग पडला, तो अजून आहे. नाना त्या दिवशी रागावले नाहीत. नुसते शेजारी बसून राहिले, आणि तासाभरानं म्हणाले, "तुझ्या बापाला मी काय सांगितलं असतं?"

भाचा गप्प झाला. मी हिशेब मांडून दाखवला. तीनशे व्होल्टला या रेझिस्टन्समध्ये अर्ध्या वॉटापेक्षा कमीच उष्णता होते. तरी दोन वॉटाचा, चांगल्या जातीचा घ्यायचा आणि थेट कंडेन्सरच्या पायांवर पक्का टाकायचा. बंद केल्यावर दीड-दोन मिनिटांत तो सगळं रिकामं करतो. तरीही मीटर लावल्याशिवाय हात घालायचा नाही.

राहिलेला माल त्यानं पुण्याला बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळून घेतला. संक्रांतीला पुन्हा आला आणि आम्ही तीन दिवसांत मशीन उभं केलं. डाग सगळे त्यानंच दिले. चौथ्या दिवशी ओसरीवर गिटार वाजली. ताईनं चुलीपुढून विचारलं, "येवढ्याशा डब्यातून येतोय का हा आवाज?"

वाजवून झाल्यावर एक तार जरा सरकवायची होती. त्यानं बटण बंद केलं, पिन काढली. माझा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. त्यानं तो हळूच बाजूला केला, स्वतःच मीटर उचललं आणि मोठ्यानं आकडे वाचायला लागला. दोनशे दहा. एकशे चाळीस. साठ. वीस.

"आता घालू का हात, मामा?"

"थांब अजून जरा," मी म्हणालो.